परतीचा दोर

(‘नोर्डवांड’ या जर्मन चित्रपटाच्या निमित्ताने)

‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कोंडाण्याच्या कड्यावरून दोराने चढलेले मावळे, तानाजी पडल्यावर त्यांची झालेली पांगापांग आणि कड्याच्या काठाशी उभा राहून ‘दोर मी केव्हाच कापून टाकलेत’ असे ठणकावणारा सूर्याजी, हे चित्र आपल्या मनात इतके खोल रुतलेले आहे की त्यातला दोर हा खरोखरचा दोर होता, काथ्याचा, हाताला सालपटे काढणारा, याचा आपल्याला विसर पडतो. उरते ते शौर्य. मागे फिरण्याची वाट उरली नाही की माणूस लढतो, ही आपली श्रद्धा. लग्नाच्या बोलणीपासून निवडणुकीच्या सभेपर्यंत हा वाक्प्रचार आपण कुठेही वापरतो, आणि वापरताना आवाज आपोआप चढतो.

हे सगळे आठवण्याचे कारण एक जर्मन चित्रपट. आमच्या गावातल्या आठ-दहा रसिकांचा एक गट आहे. वाचनालयाच्या माडीवर पडदा लावून महिन्यातून एकदा परभाषेतला एखादा चित्रपट पाहायचा आणि मग चहाबरोबर तासभर भांडायचे, असा आमचा रिवाज. गेल्या पावसाळ्यात तिथे ‘नोर्डवांड’ पाहिला. नोर्डवांड म्हणजे उत्तरेची भिंत. फिलिप श्टोल्झल या दिग्दर्शकाने २००८ साली केलेला, दोन तासांचा हा चित्रपट. बाहेर बेळगावचा पाऊस आणि पडद्यावर बर्फाचे वादळ. अर्ध्या तासात आमच्यापैकी दोघांनी शाली अंगावर ओढल्या. छायाचित्रण आणि ध्वनी यांसाठी या चित्रपटाला जर्मनीचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला आहे, तो का, हे त्या शालींनी सांगितले.

ही भिंत आहे स्वित्झर्लंडमधल्या आयगर या शिखराची. शिखराची उंची सुमारे ३९७० मीटर. पण प्रश्न उंचीचा नाही. ग्रिंडेलवाल्ड गावावर तिची जी उत्तरेकडची बाजू उभी आहे, ती पायथ्यापासून माथ्यापर्यंत जवळजवळ १८०० मीटर सरळ चढत जाते. आपले कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर. म्हणजे सबंध कळसूबाई समुद्रातून उचलून, बर्फाने माखून, एका बाजूने तासून भिंतीसारखी उभी केली तरी आयगरची ही भिंत तिच्याहून दीडशे मीटर वर उरेल. तिच्यावर ऊन फारसे येत नाही, दगड मात्र सारखे येतात. जर्मन वर्तमानपत्रांनी ‘नोर्डवांड’मधले एक अक्षर बदलून तिला ‘मोर्डवांड’ केले होते. मोर्ड म्हणजे खून.

आणि या खुनी भिंतीच्या समोर, क्लाइने शायडेक नावाच्या खिंडीत, एक उत्तम हॉटेल. गच्चीवर दुर्बिणी मांडलेल्या. पाहुण्यांनी न्याहारी करावी आणि दुर्बिणीतून भिंतीवरची माणसे पाहावीत. एवढ्यावर भागले नाही. १९१२ साली पूर्ण झालेली युंगफ्राउ रेल्वे याच डोंगराच्या पोटातून जाते आणि बोगद्यातल्या एका स्थानकात भिंतीलाच खिडक्या कोरलेल्या आहेत. मृत्यूचा इतका सोयिस्कर प्रेक्षागार जगात दुसरा नसेल.

गोष्ट १९३६च्या जुलैमधली, आणि तिचा कणा खरा आहे. आदल्या वर्षी मॅक्स सेडलमायर आणि कार्ल मेरिंगर हे दोन जर्मन तरुण या भिंतीवर गोठून मेले होते. तरीही टोनी कुर्झ आणि अँडी हिंटरस्टॉइसर हे बेर्श्टेसगाडेनचे दोन मित्र आले. जर्मन पहाडी पलटणीतले साधे शिपाई, एक तेवीस वर्षांचा, दुसरा एकवीस. त्यांच्याबरोबर विली अँगरर आणि एडी रायनर हे दोन ऑस्ट्रियन. १८ जुलैला चढाई सुरू झाली. वाटेत एक गुळगुळीत, आडवा कातळ लागला. हिंटरस्टॉइसरने दोराला लटकून, ताण घेत, तो आडवा पार केला. आज त्या जागेला त्याचेच नाव आहे. मागून तिघे आले आणि मग त्यांनी तो दोर ओढून घेतला.

चित्रपटाचे आणि त्या चौघांचेही सगळे भवितव्य त्या ओढून घेतलेल्या दोरात आहे. तो त्यांनी का काढला? फुशारकीने नव्हे. पुढे लागणार होता म्हणून. दोर मोजकाच, चढ पुष्कळ. वर जायचे तर मागे ठेवलेला दोर वाया गेलेला दोर. पण पुढे पडत्या दगडाने अँगरर जखमी झाला, हवा बिघडली, आणि चौघांनी परत फिरायचे ठरवले. परतताना पाहतात तो त्या आडव्या कातळावर बर्फाचा पातळ थर चढलेला. उलट्या दिशेने तो पार होईना. हिंटरस्टॉइसरने तासन् तास प्रयत्न केले. शेवटी सरळ खाली, अधांतरी कड्यावरून दोराने उतरण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

पुढचे मी थोडक्यात सांगतो, कारण ते सांगवत नाही. २१ जुलैला वरून लोट आला. हिंटरस्टॉइसर दरीत गेला, अँगरर दोराला लटकून मेला, रायनर दोराच्या ताणाने वर खिळ्याशी ओढला जाऊन मेला. उरला कुर्झ, अधांतरी, दोन मृत सोबत्यांच्या मध्ये, एका हाताला हातमोजा नाही. रात्र त्याने तशीच काढली. दुसऱ्या दिवशी गोठलेल्या हाताने त्याने दोराचा तुकडा कापून मिळवला, त्याचे पीळ दातांनी आणि एका हाताने उकलले, ते पदर एकमेकांना बांधून लांब दोरी केली आणि ती खाली वाटाड्यांकडे सोडली. कित्येक तास लागले. वाटाड्यांनी दोर बांधून दिला, तो अपुरा पडला, म्हणून दुसरा त्याला गाठ मारून जोडला. कुर्झ उतरू लागला. वाटाड्यांच्या हाताला लागेल न लागेल इतक्या अंतरावर आला आणि ती गाठ त्याच्या कंबरेच्या कॅराबिनरमध्ये अडकली. ती पुढे सरकेना. आता होत नाही, असे म्हणून तो गेला.

या प्रसंगाचे चित्रीकरण हे श्टोल्झलचे मोठे काम. सहसा डोंगराचे चित्रपट आपल्याला डोंगराची शोभा दाखवतात. इथे ओली लोकर दिसते, ताठ झालेला तागाचा दोर दिसतो, दगडावर घासणारे नखांचे टोक दिसते. ती गाठ कॅमेरा इतक्या जवळून पाहतो की आपणच बोटांनी ती ढकलू लागतो. संगीत त्या वेळी कमी हवे होते, पण असो.

चित्रपटाने या खऱ्या कण्याला दोन काल्पनिक पात्रे जोडली आहेत. लुईझे ही बर्लिनच्या वृत्तपत्रातली उमेदवार छायाचित्रकार, टोनीची गावाकडची मैत्रीण. आणि तिचा वरिष्ठ, हेन्री आराउ. बर्लिन ऑलिम्पिक १ ऑगस्टला सुरू व्हायचे आहे, जर्मन आणि ऑस्ट्रियन तरुण एका दोराला बांधून भिंत जिंकताहेत, यापेक्षा चांगला मथळा कोणता? ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन व्हायला अजून दीड वर्ष अवकाश आहे, पण शाई तयार आहे. उलरिख टुकुरने केलेला आराउ हा या चित्रपटाचा खरा शोध. तो ओरडत नाही, गणवेश घालत नाही, सलाम ठोकतानाही जरा कंटाळलेला वाटतो. उत्तम वाइन पितो, लुईझेशी सभ्यपणे वागतो. आणि मग एके ठिकाणी तिला आपला धंदा समजावून देतो: बातमी दोनच प्रकारची असते, दैदीप्यमान विजय किंवा भयंकर शोकांतिका, निमूटपणे परत फिरलेल्या माणसांना तिसऱ्या पानावर चार ओळी मिळतात. हे तो अतिशय प्रामाणिकपणे सांगतो. चौघे परत फिरल्याचे दुर्बिणीतून दिसते तेव्हा त्याचा रस संपतो. ते अडकले असे कळते तेव्हा तो परत येतो.

प्रचार म्हणजे खोटे बोलणे, अशी आपली ढोबळ समजूत असते. आराउ एकही वाक्य खोटे बोलत नाही. तो फक्त ‘परत येणे’ या क्रियापदाची किंमत शून्य करून टाकतो. हे मला फार मोलाचे वाटले, कारण प्रत्यक्षात ही सबंध गोष्ट परतण्याची आहे. शिखराजवळही कुणी पोचले नव्हते. चौघे एका जखमी सोबत्याला घेऊन घरी यायला निघाले होते आणि घरी येतानाच मेले.

पण इथे इतिहासाचे एक देणे चुकते करायला हवे. या चौघांना राजवटीने भिंतीवर धाडले होते काय? तसे म्हणता येत नाही. त्यांच्या पलटणीच्या कमांडरने ही चढाई थांबवा, असा निरोप ग्रिंडेलवाल्डला धाडला होता आणि तो पोचेपर्यंत उशीर झाला होता, असे हाइनरिख हाररने लिहून ठेवले आहे. ऑलिम्पिकचे म्हणाल तर त्या वर्षी गिर्यारोहणाचे सुवर्णपदक खरोखरच दिले गेले. पण ते मिळाले ग्युंटर आणि हेटी ड्यूरेनफुर्थ या दांपत्याला, त्यांच्या हिमालयातील मोहिमांसाठी. हे दांपत्य ज्यू वंशाशी नाते असलेले, जर्मनी सोडून स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झालेले. हिटलरच्या डोळ्यांदेखत बर्लिनमध्ये हे घडले. पटकथाकाराला असे सुचले असते तर आपण त्याला अतिरेकी म्हटले असते. चित्रपटाने हा विरोधाभास घेतलेला नाही.

राजवटीने खरे पीक काढले ते १९३८ साली. मार्चमध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत झाला आणि जुलैमध्ये हेकमायर, फ्योर्ग हे दोन जर्मन आणि हारर, कास्पारेक हे दोन ऑस्ट्रियन ती भिंत चढून गेले. हिटलरबरोबर त्यांची छायाचित्रे निघाली, नाझी पक्षाच्या प्रकाशनसंस्थेने त्यांचे पुस्तक काढले. त्यातला हारर पुढच्याच वर्षी नंगा पर्वताच्या मोहिमेवर हिंदुस्थानात आला, महायुद्ध सुरू होताच इंग्रजांनी त्याला पकडले आणि काही काळ आपल्या अहमदनगरच्या छावणीत ठेवले. पुढे डेहराडूनहून तो तिबेटात पळाला, ते सर्वश्रुत आहे. तो एस. एस.चा सदस्य होता हे मात्र १९९७ साली उघड झाले. तेव्हा श्टोल्झलने काय केले, तर १९३८चा शेंदूर १९३६च्या दगडाला फासला. नाट्यासाठी ते क्षम्य मानायचे की नाही, यावर आमच्या माडीवर बरीच वादावादी झाली. माझे मत असे की प्रचाराचे यंत्र कसे चालते हे दाखवायला ही सूट चालेल. पण मेलेल्या दोन पोरांच्या गळ्यात दुसऱ्यांचा हार पडतो आहे, याचे भान प्रेक्षकाने ठेवावे. त्याबाबतीत चित्रपट अर्धवट सावध आहे: टोनी आणि अँडीला त्याने राजकारणापासून अलिप्त, भोळे ठेवले आहे आणि नाझी उत्साहाची सारी शाई बिचाऱ्या ऑस्ट्रियनांवर सांडली आहे. हा हिशेब मला फारच सोयीचा वाटला.

दिग्दर्शकाची अडचण मात्र समजून घेतली पाहिजे. जर्मनीत डोंगरावरचा चित्रपट काढणे म्हणजे भुताटकीच्या वाड्यात बिऱ्हाड करणे. १९२०च्या दशकात आर्नोल्ड फांकने तिथे पहाडी चित्रपटांची परंपराच सुरू केली. शुभ्र शिखरे, खाली ढगांचा समुद्र, वर एकाकी नायक. त्याच्या चित्रपटांत लेनी रीफेनश्टाल नायिका होती. आणि पुढे तिनेच नाझी पक्षाच्या न्युरेनबर्ग अधिवेशनावर आणि बर्लिन ऑलिम्पिकवर चित्रपट काढले. १९४७ साली क्राकाउअर या समीक्षकाने लिहिले की त्या पहाडी चित्रपटांतल्या वीरवृत्तीत आणि नाझी मनोवृत्तीत नाते आहे. तेव्हापासून जर्मन पडद्यावर कुणी शिखराकडे मान वर करून पाहिले की जाणत्यांच्या भुवया चढतात. श्टोल्झलने स्वतःच एकदा हात पोळून घेतले आहेत: १९९८ साली रामश्टाइन या वाद्यवृंदासाठी केलेल्या एका चित्रफितीत त्याने रीफेनश्टालच्या ऑलिम्पिकपटातील दृश्ये वापरली आणि मोठा गदारोळ झाला. दहा वर्षांनी त्याच माणसाने ‘नोर्डवांड’ केला. यात प्रायश्चित्ताचा भाग किती, ते त्याचे तो जाणे. पण या चित्रपटात शिखर जवळजवळ दिसतच नाही, हे मला लक्षणीय वाटले. दिसते ती भिंत, आणि तीही बहुधा खाली पाहताना.

असे असूनही ऐन मोक्याच्या क्षणी जुनी परंपरा त्याचा हात धरते. लोट येतो. टोनीच्या खाली अँडी लटकतो आहे. एक खिळा दोघांचे वजन पेलणार नाही. अँडी वर पाहतो, सुरी काढतो आणि स्वतःचा दोर कापतो.

आमच्या माडीवर या क्षणी कुणीतरी हुंदका दिला. मीही गलबललो होतो, खोटे कशाला बोलू? पण घरी जाताना मला राग येऊ लागला. खऱ्या हिंटरस्टॉइसरने दोर कापला नव्हता. उतरण्याची तयारी करण्यासाठी त्याने स्वतःला दोरापासून सोडवले होते आणि त्याच वेळी लोट आला. त्याच्या मरणात बलिदान नाही, निरोपाची नजर नाही. आहे तो अपघात; एक काम करीत असलेला, दमलेला, एकवीस वर्षांचा मुलगा. चित्रपटाला हे सोसवले नाही. जो चित्रपट दीड तास आपल्याला सांगत होता की मरणाला शोभा देणाऱ्या माणसांपासून सावध राहा, त्यानेच मरणाला शोभा दिली. हा क्षण आराउने आनंदाने पहिल्या पानावर छापला असता.

लुईझेचेही तसेच. बोगद्याच्या दारातून ती भिंतीवर जाते, रात्रभर टोनीच्या आवाजाच्या टप्प्यात थांबते. जोहाना वोकालेक चांगली नटी आहे, तिने ते निभावलेही आहे; पण या कृतीने त्या रात्रीचे सगळ्यात भयंकर सत्य पातळ होते. सत्य हे होते की त्या रात्री कुर्झजवळ कुणीही नव्हते. वाटाडे आले, अंधारात काही करता येईना म्हणून सकाळी येतो असे सांगून गेले आणि तो मागून ओरडत राहिला. प्रेमाची फोडणी दिल्याशिवाय आजचा प्रेक्षक हे गिळणार नाही, असे निर्मात्यांना वाटले असावे.

मला मनात घर करून राहिले ते एक साधे माणूस. बोगद्यातला रेल्वेचा पहारेकरी, आल्बर्ट फॉन आल्मेन. त्याने भिंतीत उघडणारे दार उघडून हाक मारली, वरून चौघांची उत्साही ओ आली, आपण उतरतो आहोत असे त्यांनी कळवले. हा आत गेला आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला. चहा उकळून गेला तरी कुणी आले नाही म्हणून तो पुन्हा दारात गेला, तेव्हा एकच आवाज मदतीसाठी हाका मारत होता. त्या भिंतीवर सुटका करायला जाण्याचे बंधन वाटाड्यांवर नव्हते. तरी चौघे वाटाडे स्वेच्छेने त्याच दारातून बाहेर पडले. मथळ्याचा मोह नसलेली ही पाच माणसे. यांच्यावर कॅमेरा आणखी रेंगाळला असता तर चित्रपट मोठा झाला असता.

आता पुन्हा आपल्या दोराकडे. माडीवर चहा आल्यावर आमचे एक निवृत्त शिक्षक मित्र उसळून म्हणाले, “म्हणजे सूर्याजीने दोर कापले तो काय प्रचार होता?” प्रश्न रास्त होता. मी त्यांना म्हटले, “सर, सूर्याजी कड्याच्या कुठल्या बाजूला उभा होता, ते पाहा. दोर कापून तो स्वतः गडावरच राहिला. आराउ हॉटेलात बसून दुसऱ्यांचे दोर कापतो.” सरांना हे पटले की नाही कोण जाणे, त्यांनी बशीत चहा ओतला. मलाही ते पूर्ण पटलेले नाही. कारण गोष्ट सांगणारे आपण सगळे हॉटेलाच्या गच्चीवरच असतो. पोवाडा ऐकताना आपल्या हातात दोर नसतो, टाळ्या असतात.

माझा पुतण्या त्या दिवशी माडीवर होता. तो सह्याद्रीत कडे चढणाऱ्या पोरांपैकी, मोजके बोलतो. त्याने विचारले, “काका, त्या आडव्या कातळावर पुन्हा कुणी दोर ठेवलाच नाही का?” मी त्याला १९३७ची हकीकत सांगितली. माथियास रेबिच आणि लुडविग फ्योर्ग हे दोघे पुढच्याच वर्षी त्या भिंतीवर गेले. जाताना तो आडवा कातळ त्यांनी पार केला आणि दोर तिथेच बांधून ठेवला. सेडलमायर आणि मेरिंगर जिथे मेले होते त्याच्याही वर पोचले. हवा बिघडली. परत फिरले, बांधलेल्या दोराने कातळ पार केला आणि जिवंत खाली आले. इतक्या वरून त्या भिंतीवरून परत आलेली ती पहिली माणसे. फ्योर्ग १९३८च्या यशस्वी चढाईतही होता. १९४१ साली जर्मनीने रशियावर चाल केली त्या पहिल्याच दिवशी तो मारला गेला.

“मग त्या दोघांच्या परत येण्यावर सिनेमा आहे?” पुतण्याने विचारले.

माझ्या पाहण्यात तरी नाही, असे मी म्हटले. तो उठला आणि पडद्याच्या दोऱ्या सोडवू लागला. एक गाठ पावसाच्या दमटपणाने आवळली होती, ती काही केल्या सुटेना. शेवटी सरांनी आपल्या खिशातली सुरी पुढे केली. पोराने ती घेतली नाही. नखाने उकलत बसला.